"हे खरंय का?": घरच्यांना घेऊन नॅचरल हिस्ट्री म्युझियम पाहताना

दारातून आत शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मुलं जो प्रश्न विचारतात, तोच दिवसभर पुरतो. "हे खरंय का?" मोठी माणसं घाईघाईत "हो, खरंच आहे" म्हणून मोकळी होतात आणि अर्धी गंमत तिथेच संपते. या संग्रहालयांत एकाच काचेमागे खरं, अर्धं खरं आणि मुळीच खरं नसलेलं असं सगळं शेजारी शेजारी मांडलेलं असतं. कोणतं काय, हे ओळखायच्या खुणा असतात. त्या हाताशी आल्या की तीन दालनं बघूनही पोट भरतं, नाहीतर अकरा दालनं बघूनही घरी येताना लक्षात राहतो तो फक्त दुकानातला रबरी साप.

वेळ दोन तासांचा धरावा. लहान मूल बरोबर असेल तर दीड. संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर बॉस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच लिहून ठेवलंय. काचपेटीतली वस्तू नीट दिसावी म्हणून माणसाला किती वाकावं, वळावं, उकिडवं बसावं लागतं, हे त्यांनी फोटो काढून दाखवलं होतं. म्हणजे पाय दुखतात ते नुसत्या चालण्याने नाही. त्यात फरशी बहुतेक ठिकाणी दगडी, म्हणून मऊ तळव्याचे बूट हवेत.

निघायच्या आधी वेबसाइटवर चार गोष्टी बघून घ्याव्यात: आठवड्याची सुट्टी कधी, कोणती दालनं दुरुस्तीसाठी बंद आहेत, शेवटचा प्रवेश किती वाजता (तो बंद व्हायच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधीच असतो), आणि तारांगण किंवा थ्रीडी शोचं तिकीट वेगळं काढावं लागतं का. डायनोसॉरचं दालन बंद आहे हे तिथे पोचल्यावर कळलं, तर त्या दिवसाचं काही खरं नाही. शाळांच्या सहली कामाच्या दिवशी सकाळी येतात आणि दुपारपर्यंत पांगतात. म्हणून कामाच्या दिवशी गेलात तर दुपारी दोननंतर जा. सुट्टीच्या दिवशी उलट, दार उघडतानाच रांगेत असलेलं बरं.

पाठीवरची सॅक सामान ठेवायच्या खोलीत द्यायची. गर्दीत मागे वळताना ती काचेला नाहीतर कुणाच्या तरी तोंडाला लागतेच. जवळ ठेवायचं ते एवढंच: पेन्सिल, खोडरबर, जाड पुठ्ठ्याची वही आणि असलीच तर छोटी दुर्बीण. पेन आणि रंग बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, कारण शाईचा डाग नमुन्यावर पडला की निघत नाही. दुर्बीण कशाला, असं वाटेल. पण छताला टांगलेल्या देवमाशाची पाठ, उंचावरचा पक्षी, वरच्या फळीवरची चिठ्ठी हे सगळं तिनेच दिसतं. दोनेक मीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवणारी असली म्हणजे झालं. शिवाय प्रत्येकाला एक पातळ जॅकेट. कातडी, पिसं, लाकूड टिकावं म्हणून हवेतला ओलावा आणि तापमान सांभाळलेलं असतं, त्यामुळे आत चांगलाच गारवा असतो आणि एका जागी बसून चित्र काढणाऱ्या मुलाला तो आधी जाणवतो.

आजी-आजोबा बरोबर असतील तर आत शिरल्या शिरल्या चौकशीच्या खिडकीवर दोन गोष्टी विचाराव्यात: व्हीलचेअर आहे का आणि लिफ्ट कुठे आहे. जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसवलेली, म्हणून कुठल्या तरी कोपऱ्यात दडलेली असते. आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा ही चौकशीची खिडकीच ठरवा. "डायनोसॉरपाशी भेटू" हा ठराव नेहमी फसतो, कारण डायनोसॉर सहा असतात आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो.

आता क्रम. शंभरातले नव्वद लोक सरळ डायनोसॉरकडे वळतात. मुलं दहाच्या पुढची असतील तर सर्वांत वरच्या मजल्यापासून सुरुवात करून खाली उतरत यावं. गर्दी वर चढत असते तेव्हा आपण उतरत असतो. पण बरोबर पाच वर्षांचं मूल असेल तर ही हुशारी करू नये. डायनोसॉर बघितल्याशिवाय त्याला दुसरं काही दिसणारच नाही. आणि हलणारा, गुरगुरणारा यांत्रिक डायनोसॉर असेल तर आधी दालनाच्या बाहेर उभं राहून त्याची एक फेरी नुसती ऐकावी. तो ठरावीक वेळाने तेच आवाज काढतो. पुढची गुरगुर कधी येणार हे मुलाला कळलं की रडू येत नाही; न कळता अंधारात समोर आली की येतं, आणि मग पुढचा तास कडेवर जातो.

सांगाड्यासमोर उभं राहिल्यावर हाडं नंतर, आधी लोखंड बघा. खरं जीवाश्म हाड म्हणजे दगड, वजनदार आणि ठिसूळ. हल्ली त्याला भोक पाडत नाहीत. प्रत्येक हाडाच्या आकाराप्रमाणे लोखंडाची पट्टी वाकवून बाहेरून त्याला धरलेलं असतं, अभ्यासासाठी एकेक हाड सुटं काढता यावं म्हणून. साच्यातून काढलेलं नकली हाड हलकं असतं आणि त्याच्या पोटातून सळई आरपार जाते, बाहेर काही दिसत नाही. म्हणजे जो सांगाडा आधारांनी जखडल्यासारखा दिसतो तो बहुधा खरा, आणि जो कशाच्याही आधाराशिवाय तोऱ्यात उभा आहे तो बहुधा प्रतिकृती. शंभर वर्षांपूर्वी उभे केलेले सांगाडे याला अपवाद, तेव्हा खऱ्या हाडांनाही खुशाल भोकं पाडत. दुसरी खूण रंगाची. खऱ्या हाडावर भेगा असतात, डाग असतात, मधे मधे प्लास्टरने बुजवलेले गुळगुळीत तुकडे दिसतात. नकली सांगाडा मानेपासून शेपटीपर्यंत एकसारखा. तिसरी खूण सर्वांत सोपी आणि कुणीच बघत नाही ती: पाटीच्या कोपऱ्यात प्राण्याचं छोटं रेखाचित्र असतं आणि त्यात सापडलेली खरी हाडं वेगळ्या रंगात भरलेली असतात. कधी कधी एवढ्या मोठ्या धुडात रंगवलेली हाडं डझनभरच निघतात.

शिकागोच्या फील्ड म्युझियममधला 'सू' हा टायरानोसॉरस, म्हणजे दोन पायांवर चालणारा मोठा मांसाहारी डायनोसॉर, त्यातला भाग्यवान. १९९० साली साउथ डकोटात सापडला, सुमारे ३८० हाडांपैकी २५० मिळाली, लांबी १२.३ मीटर. पण उभ्या सांगाड्यावरचं डोकं प्रतिकृतीचं आहे. खरी कवटी इतकी जड आहे की ती वर बसवण्याऐवजी वेगळ्या काचपेटीत ठेवली आहे. हे कळल्यावर मुलांचं तोंड पडतं. वास्तविक फायदा आपलाच. खरी कवटी जवळून बघता येते आणि दातांच्या कडेवरची करवतीसारखी बारीक दातेरी रेघ दिसते. डोकं चार मीटरवर असतं तर ती कुणाला दिसली असती?

प्रतिकृती म्हणजे फसवणूक नव्हे, हेही तिथेच सांगून टाकावं. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये १९०५ साली मांडलेला डिप्लोडोकस, म्हणजे लांब मानेचा, लांब शेपटीचा डायनोसॉर, हा अख्खाच्या अख्खा प्लास्टरचा. त्याची मूळ हाडं अमेरिकेत, पिट्सबर्गला. साचा खऱ्या हाडावरून घेतलेला असतो, म्हणून हाडावरचा ओरखडासुद्धा त्यात उतरतो. तेव्हा मुलांच्या प्रश्नाला दोन नव्हे, तीन उत्तरं असतात: खरं, खऱ्याचा ठसा आणि कल्पनेने केलेलं. कातडीचा रंग हा बहुतेक वेळा तिसऱ्यात मोडतो. उभं राहण्याची ढबसुद्धा. याच डिप्लोडोकसची शेपूट आधी जमिनीवर लोळत होती. १९९३ मध्ये ती उचलून हवेत बसवली, कारण पावलांचे ठसे भरपूर सापडतात पण त्यांच्यामागे शेपूट फरफटल्याची रेघ जवळजवळ कधीच नसते. शेपूट लोळवणारा डायनोसॉर दिसला की समजावं, मांडणी जुनी आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक सांगाड्याजवळ थांबून बघावी. बाजूने उभं राहा, मांडीचं हाड कमरेच्या हाडात जिथे बसतं तिथे नजर लावा. जवळजवळ सगळ्या डायनोसॉरच्या कमरेला तिथे खळगा नसतो, आरपार भोक असतं. हाडाची गोल घुंडी जवळजवळ आडवी होऊन त्या भोकात शिरते, म्हणून पाय थेट शरीराखाली येतात, खांबासारखे. आता तसेच मगरीच्या सांगाड्यापाशी चला: खळगा बराचसा बंद, वाटीसारखा, आणि पाय बाजूला फाकलेले. डायनोसॉरच्याच दालनात वर टांगलेला पंखवाला टेरोसॉर आणि भिंतीवरचा माशासारखा इक्थिओसॉर हे डायनोसॉर नव्हेत. पाटीवर तसं लिहिलेलं असूनही निम्मी माणसं त्यांना डायनोसॉर म्हणूनच पुढे जातात. मग पक्ष्यांच्या दालनात एखादा सांगाडा शोधा. कोंबडी, शहामृग, कुठलाही चालेल. कमरेला भोक आहे! म्हणजे पक्षी हे डायनोसॉरचेच वंशज. या एका भोकासाठी अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असं आम्ही मानत नाही.

कोट्यवधी वर्षं हा आकडा मुलांच्या डोक्यावरून जातो, मोठ्यांच्याही. त्यासाठी दालनाबाहेरची लांब ओसरी उपयोगी पडते. एक पाऊल म्हणजे एक कोटी वर्षं. भिंतीशी 'आज' धरा आणि चालत मागे जा. साडेसहा पावलांवर टायरानोसॉरसचा शेवट, पंधराव्या पावलावर पाठीवर तकट्यांची रांग असलेला स्टेगोसॉरस. म्हणजे चित्रांत जे दोघे एकमेकांशी भांडताना दाखवतात त्यांच्यात आठ पावलांचं अंतर, आणि टायरानोसॉरस त्याच्यापेक्षा आपल्याला जवळचा. आपली माणसाची जात सुमारे तीन लाख वर्षांची. पाऊल दोन फुटांचं धरलं तर भिंतीपासून दोन सेंटिमीटरही नाही, बोटाच्या पेराएवढी. हे करताना गर्दी नको. रांगेत घुसून पावलं मोजणारं कुटुंब सुरक्षारक्षकांना आवडत नाही.

पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या दालनात तोच प्रश्न पुन्हा येतो. वाघ खरा का? कातडी खरी. डोळे काचेचे, जीभ आणि नाकाचा ओलसरपणा रंगवलेला, आत पेंढा नाही. पेंढा हा शब्द उरलाय, वस्तू गेली. आत प्राण्याच्या स्नायूंप्रमाणे कोरलेला साचा असतो आणि कमावलेली कातडी त्यावर चढवतात. शिवण शोधायचा खेळ चांगला चालतो. ती पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला असते, मुलं खाली बसून बघतात म्हणून त्यांनाच आधी सापडते. जुन्या नमुन्यांच्या ओठांना आणि पापण्यांना तडे गेलेले दिसतील. कातडी वर्षानुवर्षं आकसत राहते, साचा आकसत नाही. मासे आणि बेडूक मात्र बहुधा रंगवलेल्या प्रतिकृती, कारण त्यांच्या कातडीचा रंग टिकतच नाही. आणि "हात लावू नका" ही पाटी इथे नुसती शिस्तीची नाही. किडे लागू नयेत म्हणून जुन्या कातड्यांना आर्सेनिक चोळत असत. उघड्यावर ठेवलेल्या जुन्या अस्वलाला कुरवाळून मुलाने तोच हात तोंडात घातला तर काय, हे सांगायला नको. चुकून हात लागलाच तर साबणाने धुवावा.

काही ठिकाणी प्राणी त्यांच्या मुलखासकट उभे केलेले असतात, मागे रंगवलेलं आभाळ, पुढे खरी वाटणारी माती. त्याला डायोरामा म्हणतात. प्राण्यांच्या कातड्या मांडणारे कार्ल एकली यांनी १८९० साली अमेरिकेत मिलवॉकीत केलेला मस्करॅटचा, म्हणजे पाणथळ जागी राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याचा, डायोरामा अजून टिकून आहे. युक्ती अशी की मागची भिंत वक्राकार असते, कोपरा नसतो, म्हणून डोळ्याला खोली संपल्याचं कळत नाही. खरी जमीन जिथे संपते आणि चित्र सुरू होतं ती रेघ शोधायला सांगा. ती नेहमी एखाद्या झुडपामागे, दगडामागे लपवलेली असते. पानं बहुतेक मेणाची, कागदाची नाहीतर कापडाची. तिथे अंधार का, अशी कुरकुर होतेच. पिसं, केस आणि रंग प्रकाशाने फिके पडतात, म्हणून अशा वस्तूंवर उजेड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. डोळे सरावायला काही मिनिटं लागतात. घाईने पुढे गेलं की दालनभर नुसता काळोख बघून बाहेर पडतो आपण. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, मोबाइल काचेला टेकवा आणि वर तळहाताचा आडोसा धरा, मग आपलंच तोंड काचेत उमटत नाही.

याच दालनात दुसरा, अवघड प्रश्न येतो. "याला कुणी मारलं?" टाळू नये. पाटीवरचं साल वाचावं. जुन्या नमुन्यांतले पुष्कळ प्राणी शिकार करूनच आणलेले असतात. अलीकडचे बहुतेक प्राणिसंग्रहालयात म्हातारपणी मेलेले किंवा रस्त्यावर गाडीखाली सापडलेले. डोडो, म्हणजे नामशेष झालेला तो पक्षी, दिसला तर तो मात्र पेंढा भरलेला नाहीच. अख्ख्या डोडोची कातडी जगात कुठेही उरलेली नाही. समोरचा पुतळा इतर पक्ष्यांची पिसं लावून केलेला असतो.

सस्तन प्राण्यांच्या सांगाड्यांपाशी पाट्या न वाचता हाडं मोजावीत. जिराफाच्या मानेत मणके किती? सात. आपल्या मानेत? सात. मुलांचा विश्वास बसत नाही, पुन्हा मोजतात. मोजताना एक चूक हमखास होते: बरगडी जोडलेला पहिला मणका मानेतला धरतात आणि आठ येतात. मग घोडा. त्याच्या पुढच्या पायात मधे वाकतो तो गुडघा नव्हे, मनगट. त्याखाली उरलंय ते एकच बोट, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. देवमाशाच्या वल्ह्यासारख्या पंखात हात आहे, एक हाड, मग दोन, मग मनगट, मग बोटं. लंडनच्या दालनात त्या डिप्लोडोकसच्या जागी २०१७ पासून २५.२ मीटरचा निळा देवमासा टांगला आहे, १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर अडकलेला, आणि तो सांगाडा खराखुरा हाडांचा. अशा टांगलेल्या देवमाशाखाली बाक असतो. आजी-आजोबांना बसवायची जागा हीच, कारण मान वर केली की बसल्या बसल्या बघायला पुष्कळ आहे.

बरण्यांतले साप-बेडूक पांढरट का? दारूने, म्हणजे साधारण ७० टक्के अल्कोहोलने, शरीर टिकतं पण रंग उतरतो. द्रव पिवळा दिसतो तो शरीरातली चरबी आणि रंग त्यात उतरल्यामुळे. कीटकांच्या पेटीत फुलपाखरापेक्षा त्याच्याखालची चिठ्ठी मोलाची: कुठे, कधी, कुणी पकडलं. ती नसेल तर अभ्यासकाच्या लेखी तो कीटक जवळजवळ बिनकामाचा. भुंग्याची टाचणी मधोमध नसते, उजव्या पंखकवचातून जाते, म्हणजे निदान डावी बाजू शाबूत राहते. निळ्या मॉर्फो फुलपाखरापुढे डावीकडून उजवीकडे सावकाश सरका. निळा मंद होतो, विझतो, परत पेटतो, कारण तो रंग रंगद्रव्याचा नाही, खवल्यांच्या बारीक रचनेवर प्रकाश परतल्याचा आहे. म्हणूनच तो शंभर वर्षांनीही फिका पडत नाही, शेजारची पिवळी फुलपाखरं पडतात.

दगड आणि खनिजांचं दालन मुलं धावत पार करतात आणि करू द्यावं. फक्त लोखंडी उल्का हात लावायला ठेवली असेल तर थांबा, आणि पायराइट या सोन्यासारख्या चमकणाऱ्या खनिजाचे चौकोनी ठोकळे कुणी कापलेले नाहीत, ते तसेच वाढतात, एवढं सांगा.

शेवटी चित्र. सगळ्यांनी एकाच वस्तूपुढे दहा मिनिटं बसायचं, मोठ्यांनीही. प्रश्नपत्रिका छापून आणू नका. उत्तरं भरायच्या नादात मुलं पाट्यांवरचे शब्द उतरवतात आणि समोरच्या प्राण्याकडे बघतच नाहीत. चित्रात मात्र बघितल्याशिवाय रेघ उठत नाही. पहिल्यांदा बरगड्या पाठीच्या कण्याला कुठेही चिकटतात, पायाला एकच सांधा येतो. मग "पुन्हा बघ" एवढंच म्हणायचं.

बंद व्हायला अर्धा तास उरला की वरच्या आणि टोकाच्या दालनांतून लोकांना खाली आणायला सुरुवात होते, त्यामुळे जे परत बघायचं ते त्याआधी. बाहेरची वाट दुकानातूनच जाते. काय आणि किती घ्यायचं हे आत शिरतानाच ठरलेलं असावं, दुकानात ठरवायला गेलं की हरलात. सामानाच्या खोलीपुढे शेवटच्या पंधरा मिनिटांत मोठी रांग लागते. एकाने पावती घेऊन आधी पुढे जावं, बाकीच्यांनी तोवर वही उघडून चित्रातल्या पायाचा सांधा नीट करून घ्यावा.